गुणगुण घालवा, अर्थिंग नको!

अँप्लिफायर घरी बनवणाऱ्यांच्या जगात एक समजूत फार घट्ट रुजलेली आहे. स्पीकरमधून 'घूंऽऽ' असा आवाज आला, की दोष विजेचा! पुण्या-मुंबईत असलं की "बोर्डाची लाइटच खराब", आणि इथे बहारीनमध्ये असलं की "अख्ख्या इमारतीत एसी चालू आहेत, मग होणारच". एकदा दोष बाहेरचा ठरला की उपायही बाहेरूनच आणावा लागतो. आणखी मोठा कपॅसिटर, आणखी महागडी वायर, एखादा चकचकीत डब्यातला 'लाइन फिल्टर'. एवढं करूनही आवाज जात नाही, तेव्हा कुणीतरी जाणकार पक्कड घेऊन पुढे सरसावतो आणि थ्री-पिनमधली अर्थिंगची वायर कापून टाकतो. आवाज बंद! जाणकाराची पाठ थोपटली जाते, चहा येतो.

माझं म्हणणं असं, की यातली पहिली गोष्ट बहुतेक वेळा चूक असते आणि शेवटची गोष्ट कायमच गुन्हा असते. गुणगुण विजेच्या कंपनीकडून येत नाही, आपण वायरींना जी वाट काढून दिलेली असते त्या वाटेने येते. ती घालवायला बाजारातून काही आणावं लागत नाही, डोकं आणि सोल्डरिंगची बंदूक पुरते. हे ज्याला पटलं तो अर्थिंगच्या वाटेला जाणार नाही. म्हणून हा प्रपंच.

आता कुणी म्हणेल, अहो, आजकाल अँप्लिफायर घरी बनवतो कोण? मुठीएवढा ब्लूटूथ स्पीकर हजार-दोन हजारांत मिळतो. खरं आहे. पण ज्यांना तो नाद आहे त्यांना आहे, आणि आखातात त्याला खतपाणीही बरं मिळतं. जून ते सप्टेंबर इथे संध्याकाळी बाहेर पडायची सोय नसते. चाळिशीच्या आसपासचं तापमान आणि वर समुद्राची दमट हवा. मग दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यात टेबल मांडून लोक उद्योग शोधतात. आमच्या ओळखीत एक मल्याळी स्नेही आहेत, एक कराचीचे गृहस्थ आहेत, दोन-तीन मराठी टाळकी आहेत. सुट्टीला गेलो की पुण्यात तपकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोड, हातात यादी, आणि परत येताना बॅगेत चकल्यांच्या डब्याशेजारी ट्रान्सफॉर्मर. विमानतळावर एक्स-रे पाहणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरचे भाव बघण्यासारखे असतात.

तर मुद्द्यावर येतो. आवाज कुठून येतो हे ठरवण्याआधी तो नीट ऐकायला हवा. बहारीनमध्ये वीज आपल्यासारखीच, २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. त्यामुळे गुणगुणीच्या दोन मुख्य जाती होतात. एक ५० हर्ट्झची, खोल, मऊ, पोटात जाणवणारी. ही सहसा चुंबकीय क्षेत्रातून येते, म्हणजे ट्रान्सफॉर्मर इनपुटच्या वायरीला फार जवळ असतो. किंवा दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून तयार झालेल्या वेटोळ्यातून येते. दुसरी १०० हर्ट्झची, खरखरीत, काचेवर अडकलेल्या मधमाशीसारखी. ही ब्रिज रेक्टिफायरकडून येते, कारण तो प्रत्येक आवर्तनाच्या दोन्ही बाजू वापरतो. पेटीवाल्यांच्या भाषेत १०० हर्ट्झ म्हणजे खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर. कानाची खात्री नसेल तर फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारी ॲप्स फुकट मिळतात, सुळका कुठे उभा राहतो ते पाहावं. निम्मं निदान तिथेच होतं.

इथे एक मजेदार गोष्ट सांगतो, कारण 'वीज खराब' या समजुतीचा निकाल तिने लागतो. बहारीनहून सौदीला जायला समुद्रावर २५ किलोमीटरचा किंग फहद पूल आहे, १९८६ साली सुरू झालेला. पलीकडे सौदीत वीज ६० हर्ट्झची आहे, बाकी सगळं आखात ५० वर. म्हणून २००९ साली आखाती देशांची ग्रिड जोडली तेव्हा बहारीनला समुद्राखालून केबल आली, आणि सौदीतल्या अल-फाधिली इथे ५० च्या विजेचं आधी डीसी करायचं, मग ६० ची एसी, असं १८०० मेगावॉटचं केंद्र उभारावं लागलं. आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला असंच १००० मेगावॉटचं केंद्र आहे. तिथे दोन्ही बाजू ५० हर्ट्झच्याच, पण पश्चिमेची आणि दक्षिणेची ग्रिड एका तालात नव्हती म्हणून ते बांधलं. २०१३ च्या ३१ डिसेंबरला रायचूर-सोलापूर लाइन जोडली गेली आणि अख्ख्या देशाची ग्रिड एका तालात आली.

आमच्या एका मित्राची बहारीनहून खोबरला बदली झाली. त्याने आपला घरगुती अँप्लिफायर सोबत नेला. मधे समुद्र, मधे डीसी, तिकडची वीज वेगळी, तारा वेगळ्या, इमारत वेगळी. आणि गुणगुण? तेवढीच! फक्त सूर बदलला. १०० चे १२० झाले, म्हणजे काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोब्बर मधे, कुठल्याच पट्टीत न बसणारा. आता मला सांगा, दोष विजेचा असता तर पूल ओलांडल्यावर तो तसाच्या तसा कसा उरला? वीज फक्त ताल देते. बेसूर आपण होतो.

दुसरी चाचणी त्याहून सोपी, आणि मी ती कुणाकडेही गेलो की सगळ्यात आधी करतो. अँप्लिफायरच्या इनपुटला काहीही जोडायचं नाही. इनपुटचे दोन्ही टोक तिथल्या तिथे शॉर्ट करायचे. आवाज राहिला तर दोष डब्याच्या आत आहे. गेला तर बाहेर, वायरींमध्ये किंवा जोडलेल्या यंत्रामध्ये. या एका मिनिटाच्या उद्योगाआधी कुठलाही सुटा भाग विकत घेणं म्हणजे ताप न मोजता औषध आणणं.

दोष आत निघाला असं समजू. आता आपला माणूस म्हणतो, "कपॅसिटर वाढवू." का? कारण कॉलेजात शिकवलेलं असतं की रेक्टिफायरनंतर रिपल राहतो आणि कपॅसिटर वाढवला की तो कमी होतो. खोटं काहीच नाही. हिशोबही सोपा आहे: प्रवाहाला १०० ने भागा, मग कपॅसिटरने भागा. एलएम ३८८६ ही घरगुती मंडळींची लाडकी चिप. दोन चॅनल, गाणं बंद, मिळून साधारण १०० मिलिअँपिअर खातात. ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तर रिपल झाला सुमारे ०.२ व्होल्ट. बघायला भरपूर वाटतो. पण ही चिप पुरवठ्यातला असला कचरा शंभर डेसिबेलच्या आसपास दाबते, म्हणजे एक लाखपट. इनपुटच्या हिशोबात उरले २ मायक्रोव्होल्ट. त्याला वीसपट वाढवलं तरी स्पीकरवर ०.०४ मिलिव्होल्ट. मांजरालासुद्धा ऐकू येणार नाही. जुन्या टीडीए २०३० सारख्या चिपचं दाबणं पन्नास डेसिबेलच्या आसपास, म्हणजे तीनशेपटच. तिथे कपॅसिटरचा मुद्दा थोडा खरा आहे. पण चांगली चिप असूनही गुणगुण असेल तर ती रिपलची नाही, हे गणितच सांगतं.

मग कशाची? इथे खरी गोम आहे. कपॅसिटर दिवसभर थोडाथोडा भरत नाही. ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज शिखरावर येतं तेवढ्या क्षणीच तो घोट घेतो आणि बाकीचा वेळ वाट पाहतो. वेळेचा दहावा हिस्सा भरायला मिळाला, तर सरासरी १०० मिलिअँपिअरसाठी घोट एक अँपिअरचा लागतो. हे घोट सेकंदाला १०० वेळा. अधिक-उणे पुरवठ्यात दोन कपॅसिटर असतात आणि हे घोट त्या दोघांना जोडणाऱ्या मधल्या वायरीतून जातात. ती वायर १० सेंटिमीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर जाड तांब्याची असेल तर तिचा रोध १.७ मिलिओहम. नगण्य वाटतो ना? एक अँपिअर गुणिले १.७ मिलिओहम म्हणजे १.७ मिलिव्होल्ट. आता आपण इनपुटचा ग्राउंड या वायरीच्या एका टोकाला आणि चिपचा ग्राउंड दुसऱ्या टोकाला जोडला असेल, तर हे १.७ मिलिव्होल्ट थेट गाण्यात मिसळले. वीसपट करा: ३४ मिलिव्होल्ट. मगाशी रिपलचे आले होते ०.०४. आठशे-साडेआठशे पटींचा फरक, आणि तोही दहा सेंटिमीटरच्या एका निरुपद्रवी वायरीमुळे! रात्री सगळं शांत झालं की हेच आपल्याला पलंगावर पडल्या पडल्या ऐकू येतं.

आणि आता कपॅसिटर वाढवून बघा. रिपल कमी होईल, म्हणजे भरायला मिळणारा वेळ कमी होईल, म्हणजे घोट अरुंद आणि उंच होतील. वायर तीच, जोडही तेच. गुणगुण कमी व्हायच्या ऐवजी आणखी किरकिरी होऊ शकते. दुकानदार म्हणतो, "साहेब, दहा हजारचा टाका." टाकला. "बावीस हजारचा टाका." तोही टाकला. दुकानदाराचं पोट भरलं, मधमाशी जिवंतच.

याला मी आपल्या शिकण्या-शिकवण्यालाही थोडा जबाबदार धरतो. सर्किटच्या चित्रात ग्राउंडची ती तीन आडव्या रेघांची खूण असते. चित्रात ती दहा ठिकाणी काढलेली असते आणि अर्थ असा, की ही दहाही ठिकाणं एकच. कागदावर ती एकच असतातही. टेबलावर मात्र त्यांच्यामध्ये तांबं असतं, तांब्याला रोध असतो, आणि त्यातून कुणाचा तरी प्रवाह जात असतो. ब्रिज रेक्टिफायरचं सूत्र परीक्षेत घडाघडा लिहिणाऱ्या मुलाला विचारा, "प्रवाह परत कुठल्या वायरीने जातो, बोट ठेव", तो गडबडतो. माझी डॉक्टरेटची वर्षं युरोपातल्या एका प्रयोगशाळेत मायक्रोव्होल्टमध्ये मोजावे लागणारे संकेत पकडण्यात गेली. अर्धा वेळ संशोधन आणि अर्धा वेळ ५० हर्ट्झशी कुस्ती. तिथे नव्या विद्यार्थ्याच्या हाती पहिल्या दिवशी रंगीत पेन्सिली देत. सर्किटमधला प्रत्येक प्रवाह निघाल्यापासून परत येईपर्यंत वेगळ्या रंगाने काढायचा. दोन रंग एकाच वायरीवर आले की थांबायचं आणि विचार करायचा. आपल्या प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजात हा एक तास असावा असं मला मनापासून वाटतं. खर्च, पेन्सिलींचा एक डबा.

प्रवाहाच्या वाटेचं महत्त्व बघायचं असेल तर बहारीनमधलं सगळ्यात मोठं 'पॉवर सप्लाय' बघावं. १९७१ पासून इथे अल्बा हा ॲल्युमिनियमचा कारखाना चालू आहे, मध्यपूर्वेतला पहिला. २०१८ च्या डिसेंबरात त्याची सहावी लाइन सुरू झाली आणि वर्षाला पंधरा लाख टनांहून जास्त धातू निघू लागला, जगातल्या सगळ्यात मोठ्या कारखान्यांपैकी एक. ॲल्युमिनियम काढायला डीसी लागते. शेकडो भट्ट्या एकामागे एक जोडलेल्या, प्रत्येकीवर चार-साडेचार व्होल्ट, आणि सगळ्यांतून वाहणारा प्रवाह नव्या लाइनीत चार लाख अँपिअरहून जास्त! चार लाख अँपिअरला कपॅसिटर लावून बघा बरं. असल्या कारखान्यांत रिपल कमी करायचा मार्ग वेगळा असतो: अनेक रेक्टिफायर थोड्याथोड्या कलेच्या फरकाने चालवतात, म्हणजे एकाची दरी तिथे दुसऱ्याचं शिखर. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे भट्टीभोवतीच्या जाडजूड पट्ट्यांची वाट. इतक्या प्रवाहाचं चुंबकीय क्षेत्र वितळलेल्या धातूला ढकलतं, त्यावर लाटा उठतात. म्हणून पट्ट्या अशा वळवून नेतात की एकीचं क्षेत्र दुसरीने मारावं. चार लाख अँपिअरवालेही शेवटी वायर कुठून न्यायची याचाच विचार करतात. आपण एका अँपिअरसाठी तेवढा तरी करावा. बाकी आपल्या अँप्लिफायरचं हीटसिंकही ॲल्युमिनियमचंच असतं, तेव्हा नातं जुळतं.

तर आता उपाय, ज्या क्रमाने करावेत त्या क्रमाने. ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि कपॅसिटर हे एक घर समजा. त्यांच्यातल्या वायरी आखूड ठेवा आणि जोडीजोडीने एकमेकींना पीळ घाला. गंगावनासारखा घट्ट. दोन कपॅसिटरमधला जोड जाड आणि अगदी छोटा करा, पण त्या जोडावर बाकी कुणालाही ग्राउंड देऊ नका. जोडाच्या मध्यापासून एक आखूड फाटा काढा आणि त्या फाट्याच्या टोकाला सगळे ग्राउंड एकत्र आणा: स्पीकरचे, चिपचे, इनपुटचे. चुलीवरचं पाणी चुलीपाशी, आणि माजघरात धूर नाही, असा हा हिशोब. एवढ्याने बहुतेक मधमाश्या उडून जातात.

मग ट्रान्सफॉर्मर. गोल, टोरॉइडल घेतला तर बाहेर सांडणारं क्षेत्र कमी असतं. तरी तो इनपुटपासून लांबच्या कोपऱ्यात बसवा आणि पक्का आवळण्याआधी, चालू ठेवून, हळूहळू फिरवून बघा. एका कोनात आवाज एकदम पडतो. ब्रिजच्या डायोडमधून बारीक 'चिर्र' येत असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम गुंडाळीवर एक छोटा कपॅसिटर आणि त्याच्या सोबतीला एक रोध लावा. माइकचं किंवा रेकॉर्ड प्लेयरचं प्री-अँप असेल तर तिथे सिग्नल मिलिव्होल्टमध्ये असतो, त्याला मात्र वेगळा रेग्युलेटर द्याच. साधा एलएम ३१७ सुद्धा रिपल ६५ डेसिबेलने दाबतो, त्याच्या ॲडजस्टच्या पायाला १० मायक्रोफॅरड लावला की ८० ने. खर्च शंभर रुपयांच्या आत. जॉन लिन्सली हूड यांच्या १९६९ च्या प्रसिद्ध क्लास-ए अँप्लिफायरसारखं काही बनवत असाल, तर तो गाणं बंद असतानाही अँपिअरने वीज पितो. त्याला ट्रान्झिस्टरचा कपॅसिटर मल्टिप्लायर लावणं योग्य. तिथे रिपल हा खरा शत्रू आहे.

एक आखाती सूचना. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं. बंद कपाटात, उन्हाळ्यात, एसी बंद करून महिनाभर सुट्टीला जाणारे आम्ही लोक. ८५ अंशांचा घेण्यापेक्षा १०५ अंशांचा घ्यावा. विदर्भ-खानदेशातल्या मंडळींनाही हेच लागू. चार वर्षं शांत असलेला अँप्लिफायर पाचव्या उन्हाळ्यात गुणगुणायला लागला तर कपॅसिटर म्हातारा झाला असेल, तिथे बदलणं बरोबर आहे.

विजेचा दोष कधीच नसतो असं मी म्हणत नाही. लोडशेडिंगच्या दिवसांत महाराष्ट्रात घरोघरी जे स्वस्त इन्व्हर्टर आले त्यांतल्या अनेकांची लाट चौकोनी असायची, आणि त्यावर ट्रान्सफॉर्मर अक्षरशः रडायचा. एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना 'टक्' ऐकू येतं ते खरंच मेन्समधून येतं. पण ते 'टक्' असतं, अखंड 'घूं' नसतं. त्याला साधा मेन्स फिल्टर पुरतो. हजारो रुपयांची जाडजूड पॉवर कॉर्ड विकत घेणाऱ्यांना मी एवढंच विचारतो: वीज भिंतीपर्यंत कित्येक किलोमीटर साध्या तारेतून आली, शेवटच्या दीड मीटरात तिला काय साक्षात्कार होणार?

आता सगळ्यात महत्त्वाचं. इनपुट शॉर्ट केल्यावर आवाज गेला, म्हणजे दोष बाहेर, असं समजू. हा प्रकार सार्वजनिक कार्यक्रमात हमखास होतो. इथल्या एका गणेशोत्सवातली गोष्ट. हॉल भाड्याचा, लॅपटॉप एका भिंतीच्या बोर्डावर, मिक्सर आणि अँप्लिफायर दुसऱ्या भिंतीवर. लॅपटॉप जोडला की घूंऽऽ, काढला की गप्प. दोन्ही यंत्रांना आपापली अर्थिंग, आणि ऑडिओच्या वायरीने त्या दोन अर्थिंगांचं एक मोठं वेटोळं पुरं केलं. त्या वेटोळ्यातून फिरणारा किरकोळ प्रवाह म्हणजेच ती गुणगुण. साउंडवाल्याने शांतपणे मिक्सरचा प्लग उघडला आणि हिरवी-पिवळी वायर काढून आत दुमडून ठेवली. आवाज गेला. मी हरकत घेतली तर एक काका म्हणाले, "अहो डॉक्टर, आरती सुरू व्हायचीय. दोन तासांचा तर प्रश्न आहे."

दोन तासांचा प्रश्न नसतो, एका सेकंदाचा असतो. त्या मिक्सरच्या आत फेजची वायर पत्र्याला लागली असती तर? अर्थिंग असतं तर प्रवाह तिकडे धावून फ्यूज उडाला असता. अर्थिंग नाही म्हणजे पत्रा २३० व्होल्टवर, आणि फ्यूज शाबूत. माइकच्या वायरीचं वरचं जाळं त्याच पत्र्याला जोडलेलं, म्हणजे माइकची दांडी २३० व्होल्टवर. दांडी हातात धरून कुणी निवेदन करतंय आणि दुसऱ्या हाताने अर्थिंग असलेल्या लॅपटॉपला किंवा समईजवळच्या लोखंडी चौकटीला हात लावतंय, प्रवाह एका हातातून छातीमार्गे दुसऱ्या हातात! ही कल्पना नाही. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी इथे, भर कार्यक्रमात, लेस हार्वी हा स्कॉटिश गिटारवादक अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून गेला.

बहारीनमधले सॉकेट ब्रिटिश पद्धतीचे असतात. वरची लांब अर्थिंगची पिन आत गेल्याशिवाय फेज-न्यूट्रलची झडप उघडतच नाही. ज्याने हे बनवलं त्याचा हेतू किती स्पष्ट आहे! आणि आपण काय करतो? दोन पिनांचा प्लग घुसवायला वरच्या भोकात पेन खुपसतो. प्लगमध्ये पिन आहे पण आत वायर दुमडलेली, म्हणजे तर शुद्ध फसवणूक. बाहेरून बघणाऱ्याला सगळं सुरक्षित दिसतं. पुढच्या वर्षी तो मिक्सर दुसऱ्याच कुणाच्या हाती जातो, त्याला काहीही माहीत नसतं.

वेटोळं तोडायचंच आहे ना? मग ऑडिओच्या वायरीत तोडा, मेन्सच्या नको. लॅपटॉप आणि मिक्सरच्या मधे छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा, साउंडवाले त्याला डीआय बॉक्स म्हणतात. किंवा सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घ्या. काहीच हाताशी नसेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून दोन तास बॅटरीवर चालवा, आरतीला तेवढं पुरतं. त्या दिवशी शेवटी तेच केलं आणि वायर परत जोडली. आणि घरी बनवलेल्या अँप्लिफायरमध्ये पत्र्याचं कॅबिनेट अर्थिंगला बोल्टने पक्कं जोडा. सिग्नलचा ग्राउंड मात्र कॅबिनेटला थेट न जोडता मधे १० ओहमचा रोध, त्याला समांतर ०.१ मायक्रोफॅरड आणि एक जाड, ३५ अँपिअरचा ब्रिज, त्याचे डायोड दोन्ही दिशांनी वाट देतील असा, लावा. गुणगुणीच्या किरकोळ प्रवाहाला रोध अडवतो. खरंच बिघाड झाला तर डायोड सगळा प्रवाह अर्थिंगकडे वाहून नेतात आणि फ्यूज उडतो. शांतताही मिळते, जीवही राहतो. दोन्हींतून एक निवडायची वेळ येतच नाही, हेच मला सांगायचंय.

यावर घरून एक उत्तर नेहमी येतं: "अरे, आमच्याकडे बोर्डात अर्थिंगच नाही, मग कापलं काय नि न कापलं काय!" कळतं. जुन्या वाड्यांत, चाळींत, गावाकडच्या घरांत तीन भोकांचा सॉकेट आणि मागे दोनच वायरी, हे चित्र अजून आहे. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, आणि चप्पल घालून गाणी ऐकायची सवय होते. पण ज्याला अँप्लिफायर बनवता येतो त्याला हे दुरुस्त करून घेणं अवघड नाही. वायरमनला बोलवा, अर्थिंगचा खड्डा करून घ्या. आणि मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. नुसत्या खड्ड्याचा रोध दहा ओहम असेल तर बिघाडात जेमतेम २३ अँपिअर वाहतील, मोठा फ्यूज त्याला दादही देणार नाही. आरसीसीबी मात्र क्षणात पडेल. नव्या कपॅसिटरांच्या आणि वायरींच्या पैशांत तो आरामात येतो. गणपतीच्या मांडवात तर तो नसेल तर लाइटच सुरू करू नये, पावसाचे दिवस, ओली माती, लोखंडी खांब आणि त्यावर पोरं लोंबकळतायत.

हा नाद मला आवडतो तो याच कारणासाठी, की त्यात खोटं चालत नाही. प्रवाह निघाला तिथे परत येतोच, तुम्ही वाट ठरवली नाही तर तो स्वतः शोधतो. कधी इनपुटच्या वायरीतून, कधी माणसाच्या छातीतून. त्याची वाट आपण ठरवायची, एवढंच इंजिनिअरचं काम. तेव्हा पुढच्या वेळी स्पीकर गुणगुणला तर रंगीत पेन्सिली काढा. आणि कुणी पक्कड घेऊन प्लगकडे निघाला, तर पक्कड काढून घ्या आणि हातात चहाचा कप द्या.